लकवा अचानक येत नाही

आमच्या वस्तीत कुणाला लकवा मारला की पहिले वाक्य ठरलेले असते. “काल संध्याकाळपर्यंत तर धडधाकट होता!” दुसरे वाक्यही ठरलेले असते. “नशिबात होते.” ही दोन्ही वाक्ये आम्ही इतक्या वेळा ऐकली आहेत की आता ती ऐकवत नाहीत. पहिले वाक्य अर्धे खरे आहे आणि दुसरे पूर्ण खोटे आहे. नशीब न मानणाऱ्या समाजाने तरी ते बोलू नये.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. राईस मिलमध्ये पोती उचलणारे आमच्या ओळखीचे एक काका. वय जेमतेम बावन्न. सकाळी चहाचा कप हातातून निसटला, तोंड एका बाजूला ओढले गेले, जीभ जड झाली. घरच्यांना वाटले, थंडीची हवा लागली. तेल गरम करून हात-पाय चोळले. दुपारी कुणीतरी सांगितले म्हणून दुसऱ्या गावी गावठी औषध देणाऱ्याकडे नेले. तिथे कबुतराच्या रक्ताने मालिश करायचा सल्ला मिळाला. दवाखान्यात काका पोहोचले ते तिसऱ्या दिवशी. जीव वाचला, पण उजवा हात गेला, आणि त्या हातावरच घर चालत होते.

नंतर विचारपूस केली तेव्हा कळले की दोन वर्षांपूर्वी आरोग्य केंद्रात त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला होता. गोळ्या सुरू झाल्या होत्या. महिनाभर घेतल्या, बरे वाटू लागले, म्हणून सोडल्या. दिवसाला चार-पाच खर्रे मात्र सुटले नव्हते. म्हणजे काकांचा लकवा त्या सकाळी आला नव्हता. तो कितीतरी वर्षे येत होता. त्या सकाळी फक्त पोहोचला.

या लेखात आम्हाला एवढेच सांगायचे आहे. लकव्याचा झटका एका क्षणाचा असतो, पण त्याची तयारी आपल्या ताटात, पानठेल्यावर आणि अर्धवट सोडलेल्या गोळ्यांच्या पाकिटात वर्षानुवर्षे चालते. जी गोष्ट वर्षानुवर्षे तयार होते, ती थांबवायला वेळही वर्षानुवर्षांचा मिळतो. तो आपण वाया घालवतो.

हा शहराचा, श्रीमंतांचा आजार नाही

“आम्ही कष्टाची माणसे, आम्हाला कशाचा बीपी? ते बंगलेवाल्यांचे दुखणे.” असे अजूनही बोलले जाते. त्याचे उत्तर आपल्या शेजारच्या जिल्ह्याने दिले आहे. देवरी आणि अर्जुनी मोरगावला लागूनच गडचिरोली जिल्हा आहे. तिथे ‘सर्च’ या संस्थेच्या डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतील प्रत्येक मृत्यूचे कारण शोधले. एकूण १५९९ मृत्यू झाले होते. त्यांपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते. म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक. त्या गावांत मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण हेच निघाले. हिवताप नाही, साप नाही, क्षय नाही, लकवा. आणि पक्षाघाताने गेलेल्या दर शंभरांपैकी सत्याऐंशी माणसे घरीच गेली.

ही गावे मोटारी आणि लिफ्टची नाहीत. ती आपल्यासारखीच धानाची, जंगलाची, मजुरीची गावे आहेत. तिथला माणूस जे खातो तेच आपण खातो. तिथला पानठेला आपल्या चौकातल्या पानठेल्यासारखाच आहे. मग आपण वेगळे कसे?

कष्टाबद्दलही एक गोष्ट स्पष्ट बोलू. रोवणी आणि कापणीच्या हंगामात आपल्या बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात, हे खरे. पण ते काही आठवडे. बाकी महिन्यांत काम मिळेल तसे. तरुण पोरांच्या हाती मोबाईल आणि बुडाखाली मोटारसायकल आली, विहारापर्यंत जायलाही गाडी लागते. शिवाय कष्टाने मिठाचे आणि तंबाखूचे नुकसान धुऊन निघत नाही. आमच्या काकांइतके वजन दिवसभरात कोण उचलत होते?

शरीरात नेमके काय होते

मेंदूला रक्त नेणारी नळी गुठळीने बंद पडली, किंवा फुटून रक्त आत सांडले, की मेंदूचा तो भाग मरू लागतो. बहुतेक वेळा गुठळी असते, काही वेळा रक्तस्राव. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी, म्हणून अर्धे अंग जाते. डॉक्टर यालाच स्ट्रोक म्हणतात.

नळी अशी खराब का होते? २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात भारतासह ३२ देशांतील रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की दहापैकी सुमारे नऊ लकव्यांच्या मागे दहा कारणे असतात आणि त्यांतली जवळपास सगळी बदलता येण्यासारखी आहेत. उच्च रक्तदाब, शरीराची हालचाल कमी असणे, रक्तातली वाईट चरबी, चुकीचा आहार, पोटाचा घेर, मनावरचा ताण, धूम्रपान, हृदयाचे आजार, दारू आणि मधुमेह. यांत रक्तदाबाचा वाटा एकट्याचाच जवळजवळ निम्मा आहे.

रक्तदाब वाढल्याचे बहुतेकांना कळतच नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. म्हणून “मला काही त्रास नाही” हे उत्तर होऊ शकत नाही. यंत्र लावल्याशिवाय रक्तदाब कळत नाही. पुन्हा पुन्हा मोजून तो १४०/९० किंवा त्याहून वर येत असेल, तर उपचार हवाच.

आधी मीठ

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, तोही दिवसभराचा, भाजी-वरणापासून पापडापर्यंत सगळे धरून. आपल्या बायाबहिणींना आम्ही एक सोपा हिशेब सांगतो. घरात पाच मोठी माणसे असतील तर पाचांचे पाच, दिवसाला पंचवीस ग्रॅम. महिन्याला साडेसातशे ग्रॅम. म्हणजे एक किलोचा पुडा महिना संपून काही दिवस पुरला पाहिजे. तुमच्या घरात तो किती दिवसांत संपतो? पुडा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा. डॉक्टरकडे न जाता झालेली ही पहिली तपासणी.

मीठ जास्त जाते ते कशामुळे, हेही समजून घेऊ. आपल्या जेवणात भाताचा डोंगर आणि वरण पातळ. वरण पातळ असले, भाजी नसली, की भात घशाखाली उतरवायला मीठ-तिखट लागते. शेतावर नेलेल्या डब्यात भात, मिरचीची चटणी आणि लोणचे. पावसाळ्यात सुकी मासळी आणि सांडगे. मुलांच्या हातात पाच रुपयांचे खारे पाकीट. म्हणजे मिठाचा प्रश्न जिभेचा आहे तसाच गरिबीचाही आहे. ज्याच्या ताटात डाळ घट्ट आणि भाजी भरपूर, त्याला मीठ आपोआप कमी लागते. म्हणून नुसते “मीठ कमी खा” म्हणणाऱ्यांशी आमचा वाद आहे. मीठ कमी करायचे तर ताटात दुसरे काहीतरी वाढावे लागेल.

ते दुसरे काहीतरी आपल्या जिल्ह्यात महाग नाही. पावसाळ्यात तरोट्याची भाजी फुकट उगवते. वास्ते आहेत. अंबाडी, शेवग्याची पाने, चवळीच्या शेंगा परसात होतात. धान निघाल्यावर बांधीत हरभरा आणि जवस घेणारी घरे अजून आहेत. जवसाची चटणी कमी मिठात केली तर लोणच्यापेक्षा कितीतरी चांगली. मामा तलावांची मासळी आपल्या जिल्ह्याची श्रीमंती आहे. ती तेलात बुडवून तळण्यापेक्षा आमटी करून खाल्ली तर तिच्यासारखे अन्न नाही. हे आपल्या आजीचे जेवण होते. आपण ते गरिबीची खूण समजून सोडले आणि फरसाण, मैद्याची बिस्किटे, थंड पेयांच्या बाटल्या प्रतिष्ठेची खूण म्हणून घरात आणल्या.

भात सोडा, असे आम्ही म्हणणार नाही. गोंदिया जिल्ह्यात भात सोडायला सांगणारा माणूस या मातीचा नव्हे. भाताचा वाटा कमी करा, डाळ-भाजीचा वाढवा. तिन्ही वेळा भात असेल तर एक वेळ ज्वारीची भाकर आणा. साखर वाढलेल्या माणसाने याकडे जास्त लक्ष द्यावे. एकच तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरू नका. आणि सैंधव मीठ खाल्ले तर चालते, या भ्रमात राहू नका. तेही मीठच आहे.

खर्रा, बिडी आणि मोहाची दारू

आता कडू बोलणे. आपल्या जिल्ह्याने तेंदूपत्ता तोडला, बिड्या वळल्या, त्यावर अनेक घरांच्या चुली पेटल्या. त्या कष्टाचा आम्हाला आदर आहे. पण बिडी वळणाऱ्याने बिडी ओढलीच पाहिजे असे नाही. बिडी छोटी म्हणून तिचा धूर छोटा होत नाही. धूर रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब करतो, रक्त गुठळी धरण्याकडे झुकते. घरात ओढलेली बिडी शेजारी बसलेल्या बाई-मुलांच्याही छातीत जाते.

खर्ऱ्याबद्दल समज असा की धूर नाही, तर धोका फक्त तोंडाच्या कर्करोगाचा. ते खरे नाही. तंबाखू गालात धरली तरी निकोटीन रक्तात जाते, नाडी आणि रक्तदाब वाढवते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटणारे हात चौकाचौकांत दिसतात. शाळेतली पोरे त्या रांगेत उभी असतात. त्यांना हटकणाऱ्या मोठ्या माणसाच्या गालातही खर्राच असतो. मग पोरगा कुणाचे ऐकणार?

दारूने रक्तदाब वाढतो आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही वाढतो. मोहाची आहे, घरची आहे, शुद्ध आहे, म्हणून औषधी आहे, असे काही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या वाडवडिलांनी घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. आपण ते दर पौर्णिमेला हात जोडून म्हणतो. विहाराच्या पायरीवर चप्पल काढताना खर्रा थुंकून आत येणारा माणूस तेच शील म्हणतो, तेव्हा आम्हाला लाज वाटते. ही लाज कुणा एकाची नाही, सगळ्यांची आहे.

जेवणाच्या मापाबद्दलही धम्मात एक जुनी गोष्ट आहे. कोसलचा राजा प्रसेनजित पोटभर जेवून धापा टाकत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला उपवास सांगितला नाही, व्रत सांगितले नाही. मापाने जेवणाऱ्याचे दुखणे कमी होते आणि म्हातारपण हळू येते, एवढेच सांगितले. राजाने आपल्या एका तरुण सेवकाला ते शब्द पाठ करून रोज जेवताना म्हणायला लावले आणि हळूहळू आहार कमी केला. आज आपल्या घरात ती आठवण कोण करून देईल? बहुधा शाळेत जाणारी नात. तिला ते काम द्या.

सिकलसेल असलेल्या घरांसाठी

एक गोष्ट आहार आणि सवयींच्या पलीकडची आहे, पण आपल्या भागात ती सोडून चालणार नाही. पूर्व विदर्भात आदिवासी आणि बौद्ध समाजात सिकलसेल आढळतो. ज्या मुलाला आई आणि वडील दोघांकडूनही हा दोष मिळाला आहे, त्याला लहान वयातही लकवा येऊ शकतो. अशा मुलाला भरपूर पाणी पाजा, उन्हातान्हात आणि तापात जपा, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नका. त्याचा हात-पाय अचानक लुळा पडला, बोलणे अडखळले, तर “लहान मुलाला कुठला लकवा” असे म्हणत बसू नका. सिकलसेलची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. लग्न जुळवताना पत्रिका न पाहणाऱ्या आपल्या समाजाने सिकलसेलचे कार्ड मात्र जरूर पाहावे.

झटका आला तर

चार गोष्टी घरातल्या प्रत्येकाला पाठ असाव्यात. चेहरा: हसायला सांगा, तोंड वाकडे होते का? हात: दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का? बोलणे: एक साधे वाक्य म्हणायला सांगा, अडखळते का? वेळ: यांतले एक जरी दिसले तरी घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा.

घड्याळ का पाहायचे? कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटका सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. जितके लवकर तितके चांगले, कारण उपचार नसताना दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे एकोणीस लाख पेशी मरतात. त्याआधी सीटी स्कॅन करून गुठळी आहे की रक्तस्राव, हे पाहावेच लागते. म्हणून घरच्या घरी रक्त पातळ करणारी गोळी देऊ नका. रक्तस्राव असेल तर तीच गोळी घात करील. पाणी-चहा पाजू नका, घशात अडकते. रुग्णाला कुशीवर निजवा. सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्या. काही मिनिटांत सगळे आपोआप ठीक झाले तरी दवाखान्यात जाच. तो मोठ्या झटक्याचा निरोप असतो.

सालेकसा, देवरी किंवा केशोरीकडच्या माणसासाठी साडेचार तास म्हणजे किती थोडे, हे आम्हाला ठाऊक आहे. २०१६ पासून गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी दूरच्या गावातून तिथे पोहोचेपर्यंत निम्मा वेळ रस्त्यात जातो. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी सीटी स्कॅन आणि तज्ज्ञांचा सल्ला मिळण्याची सोय झाली पाहिजे, ही मागणी आपण संघटितपणे केली पाहिजे. आरोग्य ही सरकारची जबाबदारी आहे, हे आम्ही एका क्षणासाठीही विसरत नाही. पण तेल चोळण्यात आणि मांत्रिकाकडे जाण्यात गेलेले तीन दिवस सरकारने घालवलेले नव्हते.

विहारातून सुरुवात

काही बांधव म्हणतील, आरोग्याचे शिबिर आपण जयंतीला घेतोच. घेतो. बॅनर लागतो, फोटो निघतात, पन्नास माणसांचा रक्तदाब मोजला जातो. पुढच्या महिन्यात त्या पन्नासांचे काय झाले, हे कुणाला माहीत असते? रक्तदाब हा वर्षातून एकदा भेटायचा पाहुणा नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहारात रक्तदाब मोजण्याचे एक यंत्र आणि एक वही असावी. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या खर्चात अशी कितीतरी यंत्रे येतील. दर पौर्णिमेला वंदनेनंतर तिशीच्या पुढच्या प्रत्येक उपासक-उपासिकेचा रक्तदाब मोजून वहीत लिहावा. वस्तीतल्या आशाताईंना सोबत घ्यावे. तिशीच्या पुढच्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी आरोग्य उपकेंद्रात मोफत होते आणि गोळ्याही सरकारी केंद्रातून मिळतात. ज्याचा दाब वाढलेला निघेल त्याला उपकेंद्रात नेण्याची जबाबदारी एका तरुणाने घ्यावी. पुढच्या पौर्णिमेला एकच प्रश्न विचारावा: गोळी चालू आहे ना? बरे वाटले म्हणून गोळी सोडणे, याच ठिकाणी माणसे हातची जातात.

भोजनदानातही बदल करता येईल. पुरी आणि बुंदीऐवजी घट्ट वरण, भाजी, भाकर, मठ्ठा. ताटात वरून मीठ वाढू नये. विहाराच्या आवारात खर्रा-बिडी नको, पदाधिकाऱ्यालाही सूट नको. वर्षावासात रोज ग्रंथवाचन संपल्यावर सगळ्यांनी मिळून अर्धा तास चालावे. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चालले की जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दीडशे मिनिटे होतात.

बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांच्या मज्जातंतूंच्या दुखण्याने ते हैराण होते. १९५४ साली कितीतरी महिने त्यांना अंथरुणावर काढावे लागले आणि वयाच्या पासष्टाव्या वर्षी ते आपल्यातून गेले. त्यांचे शरीर आपल्यासाठी झिजले. आपले शरीर आपण कशासाठी झिजवतो आहोत? पानठेल्यावरच्या पुडीसाठी?

आमचे काका आता डाव्या हाताने जेवायला शिकले आहेत. काकू मजुरी सोडून घरी बसल्या आहेत, कारण त्यांना उठवायला-बसवायला माणूस लागते. मुलाने बारावीनंतर शिक्षण थांबवून मिलचे काम धरले. एका माणसाचा लकवा तीन माणसांना लागला. ज्या शिक्षणासाठी आपल्या दोन पिढ्या झगडल्या, ते एका न घेतलेल्या गोळीने थांबले.

येत्या पौर्णिमेला विहारात जाल तेव्हा बाही वर करून बसा. आधी अध्यक्षांनी बसावे, मग सचिवांनी, मग आपण सगळ्यांनी. आकडा वहीत लिहा.

जय भीम! नमो बुद्धाय!